गोगलगाय पट्ट्याची की धुराची?

पत्र थोडक्यात असं:

"काका, साताऱ्यात राहतो, वय ३१, अरे-तुरे केलंत तरी चालेल. माझ्याकडे २०१२ ची होंडा सिव्हिक आहे, १.८ पेट्रोल, मॅन्युअल, १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. गाडीवर जीव आहे. पण वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात चार माणसं, एसी आणि डिकीत सामान असलं की तिला पिकअपच राहत नाही. मागून एखादी हजार सीसीची टर्बो पेट्रोल गाडी हॉर्न देऊन पुढे जाते तेव्हा फार लागतं. पुण्यातला एक गॅरेजवाला १ लाख ८० हजारांत टर्बो बसवून देतो म्हणतोय. टर्बो डिझेल गाडीवरचा आहे, पण 'कंडिशन ए-वन'. दुसरीकडे न्यू जर्सीतला आतेभाऊ वापरलेलं सुपरचार्जर किट पाठवायला तयार आहे, त्याचा फोटो जोडलाय. मित्र म्हणतात, खालच्या ओढीला सुपरचार्जर, वरच्या वेगाला टर्बो. मग घाटासाठी सुपरचार्जरच घ्यावा ना? — अ. ज., सातारा"

प्रिय अ.,

पत्र दोनदा वाचलं, पण फोटो चारदा पाहिला. मोठा करून पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फोटोतच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

फोटोत ॲल्युमिनियमची गोगलगाय दिसते. मधे हवा आत घेणारं गोल तोंड, भोवती वळत जाणारी आणि रुंद होत जाणारी नळी, मागच्या बाजूला बेल्टची पुली. पुली झाकली तर तिला कुणीही टर्बो म्हणेल, आणि हवेच्या बाजूने ती खरोखर टर्बोच आहे. टर्बो काय, सुपरचार्जर काय, काम एकच: इंजिनात जादा हवा कोंबणं. टर्बोतलं हवा दाबणारं चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतं, हिचं इंजिनच्या पट्ट्यावर. या जातीला सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर म्हणतात. तुझ्या मित्रांनी ज्याची शिफारस केली तो सुपरचार्जर ही वस्तू नव्हे.

मित्र म्हणतात ते रूट्स किंवा ट्विन-स्क्रू जातीबद्दल खरं आहे. त्यात एका डब्यात दोन लांबट रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि दर फेऱ्याला ठरावीक माप हवा पुढे ढकलतात. वाण्याच्या दुकानातल्या पायलीसारखं. हजार फेरे झाले की हजार पायल्या, दोन हजार झाले की दोन हजार. इंजिनही दर फेऱ्याला ठरावीक माप हवाच ओढतं, त्यामुळे दोघांचं प्रमाण खालपासून वरपर्यंत, म्हणजे कमी फेऱ्यांपासून जास्त फेऱ्यांपर्यंत, जवळपास सारखं राहतं आणि बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) अगदी खालून मिळायला लागतो. (रूट्स हे दोन भावांचं आडनाव. अमेरिकेतल्या इंडियानातल्या या भावांनी १८६० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडीच जन्मली नव्हती.)

सेंट्रिफ्युगलचं चाक हवा मोजत नाही, भिरकावतं. गोफणीतला दगड हळू फिरवून सोडला तर पायाशी पडतो, जोरात फिरवला तर शेताच्या बांधापलीकडे जातो, तसा प्रकार. तिचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अर्ध्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) पाव बूस्ट. समज, हे किट साडेसहा हजारांना अर्धा बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण निम्मा जादा दाब) देतं. मग सव्वातीन हजारांना त्याचा चौथा हिस्सा मिळेल, आणि दोन हजारांना जेमतेम दहावा. अर्ध्या बाराचा दहावा हिस्सा म्हणजे बाराचा विसावा भागसुद्धा पुरता नाही. घाटात तेवढ्यासाठी बॉनेट उघडायचीही गरज नव्हती.

आता तुझी गाडी घाटात कुठे असते ते बघू. पत्रात लिहिलं नाहीस, पण "पिकअपच राहत नाही" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा चौथ्यात असतो. तुझ्या सिव्हिकच्या चौथ्या गिअरात ताशी ६० ला इंजिन साधारण दोन हजारांवर फिरतं. तिसऱ्यात सत्तावीसशेच्या आसपास, दुसऱ्यात चार हजारांच्या आसपास. आणि होंडाने या इंजिनची सगळ्यात जास्त ओढ, १७२ न्यूटन-मीटर, कुठे ठेवली आहे? ४३०० ला. १३२ अश्वशक्ती तर पार ६३०० ला. म्हणजे ज्या ठिकाणी तुला ताकद हवी आहे त्याच्या दुप्पट वर ती नेऊन ठेवली आहे. हा दोष नव्हे, त्या काळच्या चांगल्या पेट्रोल इंजिनाचा स्वभावच तो. हॉर्न देऊन पुढे गेलेली ती हजार सीसीची गाडी बघ. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.० टीएसआय इंजिन भारतात आलं तेव्हा ११० अश्वशक्तीचं होतं, तुझ्यापेक्षा बावीसने कमी. पण ओढ १७५ न्यूटन-मीटर, आणि ती १७५० आरपीएमपासून. कागदावर तुम्ही दोघं ओढीत बरोबरीचे. घाटात मात्र त्याची ओढ पायाखाली असते आणि तुझी दोन गिअर खाली.

म्हणून मित्रांचं ते वाक्य, खालच्या ओढीला सुपरचार्जर आणि वरच्या वेगाला टर्बो, मी कुणाला पाठ करू देत नाही. ती १.० टीएसआय टर्बोच आहे ना? लहान टर्बो लवकर जागा होतो, मोठा उशिरा. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर वरच्या वेगाचा, रूट्स खालचा. नाव कुठलं यापेक्षा चाक केवढं आणि ते कशावर फिरतं हे विचारावं. फोक्सवॅगनने तर २००५ मध्ये १.४ लिटरच्या एकाच इंजिनवर दोन्ही बसवले होते, खाली पट्ट्यावरचा रूट्स आणि वर टर्बो. गाडी सुंदर पळायची. पण पुढे कंपनीनेच ती गुंतागुंत सोडली आणि नीट मापाच्या एकट्या टर्बोवर आली. आपण घरच्या घरी काय करायला निघालोय याचा अंदाज त्यावरून येईल.

आता पुण्यातल्या गॅरेजवाल्याकडे वळतो. तो "सोपं काम आहे" म्हणाला असेल. त्याची चूक नाही, तुझ्या इंजिनच्या बाबतीत ते दिसतं सोपंच. बहुतेक चार सिलिंडरांच्या इंजिनांत हेडमधून (सिलिंडरांवरच्या झाकणातून) धुराची चार तोंडं बाहेर येतात आणि त्यावर मॅनिफोल्ड, म्हणजे धूर एकत्र करणारी नळ्यांची जुडी, बसतो. तुझ्या आर१८ इंजिनात या चार वाटा हेडच्या ओतकामातच एकत्र होतात आणि बाहेर एकच तोंड येतं. लेथवाल्याकडून एक फ्लँज (जोडायची जाड चकती) कापून घ्यायची, त्यावर टर्बो टांगायचा, झालं. चार नळ्या वाकवून जोडण्याची कटकट नाही.

पण त्या एका तोंडावर आज काय बसलंय? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. कंपनीने तो मुद्दाम हेडला चिकटून ठेवला, कारण धूर तिथे सर्वांत गरम असतो आणि कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. टर्बो तिथे टांगायचा तर तो काढावा लागतो. मग एक तर तो पुढे कुठेतरी जोडतात, जिथे तो उशिरा तापतो, नाहीतर, आणि हे जास्त वेळा होतं, तो गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात जातो आणि तिथून त्यातल्या मौल्यवान धातूंसाठी कुणीतरी विकत नेतो. बिलात त्याचा उल्लेख नसतो. गाडी परत मिळाल्यावर सिग्नलला उभं राहिलास की डोळे चुरचुरतात, तेव्हा कळतं.

आणि तो डिझेलचा टर्बो. "कंडिशन ए-वन" असेलही. पण डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पेट्रोल इंजिन चढावर पूर्ण दाबलं की धूर नऊशे अंशांच्या घरात जातो. पेट्रोलसाठीच्या टर्बोचं धुराकडचं चाक आणि घर त्या तापमानाला टिकणाऱ्या धातूचं बनवलेलं असतं, डिझेलवाल्याला ती गरज नसते. शिवाय आजच्या बऱ्याच डिझेल टर्बोंत धुराची दिशा वळवणाऱ्या छोट्या पाकळ्या असतात. पेट्रोलच्या आचेत त्या अडकतात. अडकल्या की बूस्ट एक तर येत नाही, नाहीतर थांबत नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट. असा टर्बो बसवून छान चाललेल्या गाड्या असतात, नाही म्हणत नाही. त्यांचे मालक घाट सहा महिन्यांतून एकदा चढतात.

माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, पण खरं कारण वेगळं. माझ्या ओळखीतल्या एका पोराने तुझ्याएवढ्याच कॉम्प्रेशनच्या (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते त्या मापाच्या) पेट्रोल गाडीला असाच टर्बो बसवून घेतला. पहिले तीन महिने तो फोनवर नुसता हसत असे. चौथ्या महिन्यात मे महिन्यातल्या एका दुपारी गाडी निळा धूर सोडायला लागली आणि ऑइल पिऊ लागली. हेड उतरवलं तेव्हा हा पिस्टन हातात आला. वरून बघितला तर जवळपास नवा. बाजूने वळवला की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली पट्टी नखाएवढी तुटून गेलेली दिसते, बिस्किटाचा कोपरा तोडावा तशी. तुटल्या जागी बोट फिरवलं तर धार लागते. त्या पोराला खटखट ऐकू आली नव्हती का? आली होती. पत्र्याच्या डब्यात चार-पाच हरभरे हलवल्यासारखा बारीक आवाज, चौथ्या गिअरात चढावर. त्याला वाटलं टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) वाजतायत, म्हणून त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

याला नॉकिंग म्हणतात, आणि टर्बो की सुपरचार्जर या वादात खरा पंच तोच आहे. प्लगची ठिणगी पडून आग पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेमुळे स्वतःच पेटतं. तुझं इंजिन मुळातच हवा साडेदहा पटीच्या आसपास दाबतं. ते स्वतः ओढलेल्या हवेसाठी ठरवलेलं माप आहे. त्यात आपण आधीच दाबलेली हवा कोंबणार.

कोंबलेली हवा गरम असते, हे लोक विसरतात. सायकलचा पंप चार-पाच वेळा मारल्यावर खालून हात लाव. एप्रिलमध्ये साताऱ्यात हवा ३५ अंश आहे आणि अर्धा बार बूस्ट द्यायचाय. बऱ्यापैकी टर्बो किंवा तुझ्या फोटोतली गोगलगाय ती हवा नव्वदच्या आसपास नेऊन सोडते. जुन्या पद्धतीचा रूट्स शंभरच्या पुढे नेतो, कारण तो हवा दाबण्यापेक्षा घुसळतो जास्त. गरम हवा पसरते. म्हणजे दाब दीडपट झाला तरी प्रत्यक्ष हवा सव्वापटच गेली, आणि वर नॉकिंगला आमंत्रण. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) लावून ती पन्नासवर आणली तर तोच अर्धा बार हवेचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी वाढवतो. टर्बोला आणि गोगलगाईला इंटरकूलर जोडणं सोपं, मधे पाइप असतोच. रूट्स बहुधा थेट इनटेकवर बसतो, तिथे पाण्याचा कूलर आत कोंबावा लागतो. स्वस्त किटांत तो नसतोच. तुझ्या आतेभावाच्या फोटोतही इंटरकूलर दिसत नाही. एकदा विचार त्याला.

ही कहाणी जुनी आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबिलने जेटफायर नावाची गाडी काढली, कारखान्यातून टर्बो लावून आलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिच्या इंजिनचं कॉम्प्रेशन सव्वादहा. तुझ्या सिव्हिकच्या शेजारचंच म्हण ना. नॉकिंग होणार हे त्या इंजिनिअरांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण हवेत फवारायची सोय केली. त्याची वेगळी टाकी, आणि त्या पातळ पदार्थाला नावही झोकात: टर्बो रॉकेट फ्लुइड. गिऱ्हाईकं ती टाकी भरायला विसरू लागली. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच बूस्ट कमी करायची आणि मालक तक्रार करायचे की पिकअप नाही. शेवटी कंपनीनेच कित्येक गाड्यांचा टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. जनरल मोटर्ससारख्या कंपनीला हे निस्तरता आलं नाही, ते इंजिनची प्रयोगशाळा हाताशी असताना.

आज ते जमतं, कारण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले. पेट्रोल आत उडताना हवा थंड करतं. टर्बोसाठीच घडवलेली पिस्टन, धूर आणि पाण्याच्या वाटा आल्या, आणि दर ठिणगीला टायमिंग मागेपुढे करणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आला. तुझ्या सिव्हिकला यातलं थेट फवारणं नाही, टर्बोची पिस्टन नाहीत, आणि ईसीयूच्या नकाशात बूस्टचे रकानेच नाहीत. तो नकाशा नव्याने लिहिणारा, म्हणजे रिमॅप करणारा माणूस हा तुझ्या सगळ्या खर्चातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्मीळ भाग आहे. गॅरेजवाल्याच्या १ लाख ८० हजारांत "ट्युनिंगसह" असं लिहिलंय का बघ. आणि लिहिलं असेल तर विचार, ट्युनिंग कशावर करणार? डायनोवर (गाडी रोलरवर जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), मिश्रण मोजणारा सेन्सर सायलेन्सरात लावून, की रात्री अकरानंतर बायपासवर लॅपटॉप मांडीवर घेऊन?

पेट्रोलचंही बोलायला हवं. पंपावर आता जे साधं पेट्रोल मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, ९५ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला टिकण्याचं माप). नॉकिंगच्या दृष्टीने हे आपल्या पूर्वीच्या ९१ पेक्षा चांगलंच, इथेनॉल हवा थंडही जास्त करतं. पण त्याच्यात ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच कामाला सहा-सात टक्के जास्त ओतावं लागतं. त्यावर बूस्टसाठी तीस-चाळीस टक्के आणखी पेट्रोल. इंजेक्टर आणि टाकीतला पंप त्या मापाचे नाहीत. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण गरम जळतं आणि माझ्या टेबलावर दुसरा पिस्टन येतो. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात २०२० पासून मिळतं, पण प्रत्येक वेळी पाचगणीला जाण्याआधी पुण्याला टाकी भरायला जाणार आहेस का?

उंचीचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो टर्बोच्या बाजूचा आहे आणि न्याय म्हणून सांगायलाच हवा. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर. तिथे हवेचा दाब अलिबागच्या मानाने तेरा-चौदा टक्के कमी. तुझं इंजिन तेवढंच दुबळं होतं, त्यात तू काही करू शकत नाहीस. पट्ट्यावरचा सुपरचार्जर जी विरळ हवा मिळेल तीच ठरल्या प्रमाणात दाबतो, म्हणून तोही तेवढाच सुस्तावतो. टर्बोला मात्र विरळ हवेत जास्त गरगर फिरायला मोकळीक असते, तो बरीचशी तूट भरून काढतो. म्हणूनच पहिल्या महायुद्धापासून विमानवाले टर्बोच्या मागे लागले. शिवाय सुपरचार्जर पट्ट्यावर बसला की फुकट काम करत नाही. तुझ्या इंजिनवर अर्ध्या बारला वरच्या फेऱ्यांत दहा-पंधरा अश्वशक्ती तोच खातो. टर्बो धुरातून घेतो. तेही अगदी फुकट नव्हे, धुराची वाट अडते, पण हिशेबात तोच स्वस्त.

म्हणजे निव्वळ यंत्र म्हणून विचारलंस तर पसरणीसाठी उत्तर असं: नीट मापाचा लहान टर्बो सर्वांत योग्य. त्याच्या खालोखाल, कन्व्हर्टर जागेवर राहतो आणि ओढ खालूनच मिळते म्हणून, लहान ट्विन-स्क्रू, पाव ते तीन दशांश बारवर. फोटोतली गोगलगाय तिसरी. भंगारातला डिझेल टर्बो या यादीतच नाही. तुला मिळतायत त्या दोन वस्तू म्हणजे तिसरी आणि यादीबाहेरची.

आणि आता ज्याचा पत्रात एक शब्दही नाही ते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर नोंदलेली कंपनीची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षाही ठरवली: प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "सीसी थोडीच बदलली" हा युक्तिवाद गॅरेजात चालतो. आरसीवर अश्वशक्तीही असते. पोलीस बॉनेट उघडतात का? क्वचितच. पण तुझी गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण, आणि नोंदणी वाढवायला ती आरटीओत तपासणीला उभी करावीच लागणार. त्या दिवशी बॉनेट उघडलं जाईल आणि कन्व्हर्टरच्या जागी गरम लोखंडाचा गोळा असेल. त्याआधी कुठे धडक झाली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर तो बघेल. न कळवलेला फेरफार हे दावा नाकारायला त्यांना पुरेसं कारण आहे. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर भानगड दुरुस्तीच्या बिलावर थांबत नाही.

ट्रॅकवरच चालवायची, ट्रेलरवर घालून कोइमतूर किंवा चेन्नईला न्यायची गाडी असती तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं आणि मजेने लिहिलं असतं. तू तर आई-वडिलांना घेऊन महाबळेश्वरला जाणार.

तेव्हा माझं मत: दोन्ही घेऊ नकोस.

त्याऐवजी आधी एक सकाळ खर्च कर. वाईतून निघताना एसी चालू, गाडीत दोन माणसं, आणि पसरणी तिसऱ्या-दुसऱ्या गिअरात चढ. आरपीएमचा काटा साडेतीन ते साडेचार हजारांत ठेव, इंजिन ओरडतंय म्हणून गिअर वर टाकू नकोस. तिला ओरडायची सवय आहे, होंडा आहे ती. डिझेल चालवून आलेल्या सगळ्यांना दोन हजारांच्या वर काटा गेला की जीव खालीवर होतो. माझ्या पत्रपेटीतल्या निम्म्या "पिकअप नाही" तक्रारी याच असतात, आणि त्या लिहिणाऱ्यांना हे वाचून राग येतो. तुलाही आला असेल. पण करून बघ.

तरीही दम लागत असेल तर इंजिन खरंच थकलंय का ते तपास. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घे, आकडे लिहून घे, एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. क्लच घसरतोय का बघ: चौथ्यात चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर काटा चढतो आणि गाडी चढत नाही, तर प्लेट गेली. थ्रॉटल बॉडी साफ कर, इंजेक्टर तपासून घे, आणि कन्व्हर्टर आतून तुंबलाय का पाहा, लाखाच्या वर पळालेल्या गाडीत ते होतं. सगळ्यात आधी टॅपेटचा गाळा. या इंजिनात ते आपोआप सेट होत नाहीत, स्क्रूने करावे लागतात, आणि आपल्याकडे लाख किलोमीटर झाले तरी कुणी हात लावलेला नसतो. धुराचे व्हॉल्व्ह घट्ट झाले की ते पुरते बसत नाहीत, दाब निसटतो, आणि नेमकी खालचीच ओढ जाते. हे सगळं मिळून १ लाख ८० हजारांच्या जवळपासही जाणार नाही.

आणि एवढं करूनही ती छोटी गाडी मागून हॉर्न देतेच, तर तीच घे. सिव्हिक विकून आलेले पैसे आणि टर्बोचे ठरवलेले पैसे एकत्र केले तर चार-सहा वर्षं वापरलेली, कंपनीतूनच टर्बो लावून आलेली पेट्रोल गाडी आवाक्यात येते. तिचा ईसीयू, पिस्टन, कन्व्हर्टर, आरसी, विमा सगळं एकमेकांना ओळखतं. सिव्हिकवर जीव आहे हे लिहिलंयस, म्हणून हे शेवटी सांगतोय. मलाही माझी पहिली गाडी विकताना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आतेभावाला आजच कळव. किटचे पैसे दिले नसतील तर नको म्हण, दिले असतील तर तिथेच परत विकायला सांग. ती वस्तू वाईट नाही, तिच्या लायकीची गाडी तिकडे मिळेल. गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम दिली असलीस तर तेवढ्यात टॅपेट आणि क्लचचं काम करून दे म्हण. आणि टॅपेटसाठी गाडी आदल्या रात्रीच त्याच्याकडे उभी करून ये. हेड पूर्ण थंड असतानाच गाळा मोजायचा असतो. सकाळी साताऱ्याहून चालवत नेलीस आणि त्याने लगेच कव्हर उघडलं, तर कव्हर परत लावायला सांग आणि चहा प्यायला जा. हेड थंड व्हायला दुपार होईल.

तुझा,
काका